भाषणावरचा गुन्हा वेगळा, भाषणावरची निवडणूक याचिका वेगळी

विधानसभेच्या निकालाला तीन महिने उलटून गेल्यावर एक गृहस्थ माझ्याकडे आले. पहाटेची एसटी पकडून, गोदाकाठच्या गावातून थेट छत्रपती संभाजीनगरला. पिशवीत एफआयआरची प्रत होती, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली. मोबाइलमध्ये उमेदवाराच्या सभेचा व्हिडिओ. धर्माच्या नावानं मतं मागितलेली अगदी स्पष्ट ऐकू येत होती. "वकीलसाहेब, गुन्हा तर दाखल झालाय. आता आमदारकी कधी जाईल?"

मी निकालाची तारीख विचारली आणि बोटांवर दिवस मोजले. आमदारकीला हात घालणारा रस्ता, म्हणजे निवडणुकीलाच आव्हान देणारी उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका, निकालापासून ४५ दिवसांतच बंद झाला होता. हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं, कारण तीन महिने हा माणूस पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होता आणि ज्या दारात जायला हवं होतं त्याचं नावही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हा घोळ त्यांच्या एकट्याचा नाही. पुढाऱ्यानं काही भडक बोललं की बातमी येते, "गुन्हा दाखल". लोक समजतात, आता पद जाणार. एकाच भाषणाकडे दोन वेगळे कायदे दोन वेगळ्या डोळ्यांनी बघतात, हे ध्यानात येत नाही.

गुन्ह्याचा प्रश्न असा असतो: या माणसानं जाणूनबुजून दोन समाजांत वैर पेटवलं का, कुणाच्या धर्मभावना मुद्दाम दुखावल्या का? पूर्वी यासाठी भारतीय दंड संहितेची कलमं १५३अ आणि २९५अ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची १९६ आणि २९९ आहेत. बोलणारा कुणीही असो, दिवस कोणताही असो, निवडणूक असो वा नसो. फिर्याद पोलिसांकडे, खटला सरकारचा, शिक्षा माणसाला.

निवडणूक याचिका विचारते ते दुसरंच: ही निवडणूक स्वच्छ झाली का? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ म्हणतं, उमेदवारानं, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीनं किंवा त्यांच्या संमतीनं दुसऱ्या कुणी धर्म, जात, भाषा यांच्या आधारावर मत मागितलं, तर ते 'भ्रष्ट आचरण'. या शब्दानंही पुष्कळ गोंधळ होतो. लोकांना वाटतं, पैसे खाल्ल्याचा विषय असेल. इथं एक रुपयाही हलावा लागत नाही. मागितलेलं मत पुरे.

दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात कशा घडल्या, ते बाळासाहेब ठाकऱ्यांच्या बाबतीत स्वच्छ दिसतं. मे १९८८ मध्ये सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर त्यांनी आमच्या शहराला संभाजीनगर म्हटलं, ते इथल्या पिढीला पाठ आहे. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर-डिसेंबर १९८७ मध्ये, मुंबईत विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू उभे होते. ठाकऱ्यांच्या सभांचा आशय असा होता की ही निवडणूक हिंदूंच्या रक्षणासाठी आहे आणि मुसलमानांच्या मतांची आपल्याला पर्वा नाही. प्रभू जिंकले. हरलेले काँग्रेसचे प्रभाकर कुंटे उच्च न्यायालयात गेले. १९८९ मध्ये उच्च न्यायालयानं निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला.

ठाकरे स्वतः उमेदवार नव्हते. तरीही त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९९ खाली नोटीस काढून भ्रष्ट आचरणात त्यांचं नाव घेतलं गेलं. पुढे निवडणूक आयोगाच्या अभिप्रायावरून १९९९ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि सहा वर्षांसाठी त्यांचा मतदानाचा हक्कच गेला. ज्याच्या शब्दावर मुंबई थांबायची, त्याला मतदान केंद्रात जाऊन बोटाला शाई लावता येईना.

आता फौजदारी बाजू बघा. २५ जुलै २००० ला 'सामना'तल्या १९९३ च्या लिखाणासाठी त्यांना अटक झाली. राज्यभर बंदोबस्त, वर्तमानपत्रांची पहिली पानं भरलेली. त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण मुदतीबाहेर गेलंय म्हणून संपवलं. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयानं तीन वर्षांत घ्यावी लागते, आणि इथं सात वर्षं गेली होती. बोलबाला झाला तो अटकेचा. हक्क हिरावला तो याचिकेनं.

उलटं उदाहरण नांदेडच्या पलीकडचं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये एमआयएमचे हैदराबादचे आमदार अकबरुद्दीन ओवैसी निझामाबाद आणि निर्मलला बोलले. पोलिसांना पंधरा मिनिटं बाजूला करा, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य देशभर गाजलं. त्याच वर्षी त्यांच्या पक्षानं नांदेड महापालिकेत पाय रोवले होते, म्हणून आपल्याकडे ते भाषण घरोघरी ऐकलं गेलं. अटक झाली, सुमारे चाळीस दिवस तुरुंग झाला. पण त्या भाषणावर निवडणूक याचिका होणंच शक्य नव्हतं, कारण तेव्हा विधानसभेची निवडणूक चालू नव्हती आणि ते कशाचे उमेदवारही नव्हते. आमदारकी शाबूत राहिली. एप्रिल २०२२ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयानं त्यांना दोन्ही प्रकरणांत निर्दोष सोडलं.

कडवट बोललं की भ्रष्ट आचरण ठरतंच, असंही नाही. प्रभूंच्या निकालाच्या दिवशीच मनोहर जोशींचाही निकाल लागला. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य स्थापन होईल, असं ते १९९० च्या प्रचारात म्हणाले होते. न्यायालयानं ते विधान चांगलं मानलं नाही, पण ती धर्माच्या आधारावर मत देण्याची विनंती नाही, म्हणून निवडणूक वाचली. पुढे २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं चार विरुद्ध तीन असा निर्णय दिला: कलम १२३ मधला 'त्याचा धर्म' म्हणजे फक्त उमेदवाराचा नाही, मतदाराचाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. गावातल्या माणसाला त्याच्याच देवाची शपथ घालून मत मागणं, हे उमेदवारानं स्वतःचा धर्म मिरवण्यापेक्षा जास्त घातक आहे.

गुन्हा दाखल झाल्यानं पद कधीच जात नाही का? जातं, पण दोष सिद्ध झाल्यावर. १५३अ खाली शिक्षा झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार अपात्रता येते, आणि २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून बसलेल्या आमदार-खासदारालाही अपिलाच्या आडोशानं खुर्ची राखता येत नाही. अडचण मधल्या वाटेवर आहे. १५३अ, २९५अ किंवा त्यांच्या जागी आलेल्या कलमांखाली सरकारची पूर्वमंजुरी नसेल तर न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. एफआयआर लगेच नोंदवता येते, सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना तक्रारीची वाट न बघता ती नोंदवायला सांगितलं आहे. मंजुरीची फाइल मात्र ज्यांच्या टेबलावर जाते, त्यांच्यातच बोलणाऱ्याचे मित्र बसलेले असू शकतात.

याचिकेला कुणाची मंजुरी लागत नाही. मतदारसंघातला साधा मतदारही ती करू शकतो. उच्च न्यायालयात जायचं, आमच्या भागातल्यांनी इथल्या खंडपीठात. २००० रुपये अनामत, भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर ठरलेल्या नमुन्यातलं शपथपत्र. पण ४६ व्या दिवशी कारण कितीही खरं असो, उशीर माफ होत नाही.

आणि पुरावा. तो मोबाइलमधला व्हिडिओ नुसता दाखवून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० ला पक्कं केलं, आणि ते प्रकरण जालन्याचं होतं. अर्जुन खोतकर २०१४ ला कैलास गोरंट्याल यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला, असा आरोप होता आणि निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण महत्त्वाचं ठरलं. २०१७ ला खंडपीठानं निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम शब्द आला तोवर २०१९ ची निवडणूक होऊन गेली होती. मुदतीत गेलेल्या, पुरावा हाताशी असलेल्या माणसालाही इतकी वर्षं लागतात.

त्या गृहस्थांना मी फौजदारी बाजू सांभाळायला सांगितली: तपास अधिकाऱ्याला पत्र द्या, मंजुरीचा प्रस्ताव कुठवर गेला ते माहितीच्या अधिकारात विचारा, ज्या फोननं चित्रण केलं तो विकू नका, मूळ फाइल पुसू नका. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि पुढच्या निवडणुकीसाठी काय करायचं ते विचारलं. मी बोलत गेलो, ते लिहीत गेले. सभेची तारीख, वेळ, मैदान. उमेदवार व्यासपीठावर होता का. त्याचा अर्ज त्याआधी भरलेला होता का. मत मागितलं ते नेमकं कोणत्या वाक्यात. ऐकणारे आणखी दोन जण कोण. निकालाचा दिवस, आणि त्याच्यापुढे ४५.