पी वेव्ह आणि एस वेव्ह: दुय्यम नक्की कोण?

शाळेच्या भूगोलात भूकंपाच्या प्राथमिक (पी) लहरी आणि दुय्यम (एस) लहरी असं होतं, आणि मला कित्येक वर्षं वाटायचं की प्राथमिक म्हणजे महत्त्वाच्या आणि दुय्यम म्हणजे असंच आपलं, दुय्यम निबंधकासारखं. तर तसं काही नाहीये. आधी कोण पोचली आणि नंतर कोण, एवढाच त्या नावांचा अर्थ. वरच्या खडकात पी सेकंदाला साधारण 6 किमी धावते आणि एस साडेतीनच्या आसपास, म्हणून दोघींमधल्या गॅपवरून भूकंप किती लांब झाला ते काढता येतं (जवळचा असेल तर गॅपच्या दर सेकंदाला ढोबळ 8 किमी धरायचे). आणि घर गदागदा हलवण्यात तर ही 'दुय्यम'च भारी.

खरा फरक चालीत आहे. पी म्हणजे मालगाडीला मागून इंजिन ठोकलं की धक्का डब्याडब्यातून पुढे जातो ना, तसं, दाबलं-सुटलं दाबलं-सुटलं. एस आडवी हलवते. खरवसाच्या वडीला वरून बोटाने बाजूला ढकला, ती तिरकी होते आणि डुलून परत जागेवर येते, पण ताकाला असं ढकललंत तर ते परत येत नाही, वाहून जातं. एसला ते परत येणं लागतं, म्हणून द्रवात ती चालतच नाही. पी मात्र घन, द्रव, हवा, सगळीकडून जाते.

ह्या दोघींना भूकंपाच्या नोंदींत वेगवेगळं ओळखलं ते जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातल्या रिचर्ड ओल्डहॅमने, 12 जून 1897 च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करताना. पुढे 1906 मध्ये त्यानेच पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे लहरींवरून दाखवलं, आणि तो गाभा द्रव असल्याचं 1926 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीजने मांडलं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो शॅडो झोनमध्ये, म्हणजे लहर थेट पोचतच नाही अशा पट्ट्यात, कारण दोघींचाही असतो आणि कारणं मात्र वेगळी. भूकंपाच्या जागेपासून साधारण 104 अंशांच्या (पृथ्वीच्या केंद्रातून मोजलेला कोन) पलीकडे एस थेट येतच नाही, पार पृथ्वीच्या उलट्या टोकापर्यंत, कारण मधे द्रव गाभा आडवा. पी अडत नाही, पण गाभ्यात शिरताना तिचा वेग सेकंदाला साडेतेरा किमीवरून 8 वर येतो आणि ती आत वळते, म्हणून 104 ते 140 अंशांच्या पट्ट्यात ती नाही आणि त्यापुढे परत हजर. म्हणजे एक अडवली म्हणून नाही, दुसरी वाकली म्हणून नाही. आणि ह्याच पट्ट्यात, जिथे पी नसायला पाहिजे तिथे, थोडी थोडी पी दिसत होती, त्यावरून इंगे लेहमान ह्या डॅनिश बाईंनी 1936 मध्ये सांगितलं की गाभ्याच्या आत अजून एक गाभा आहे. भारीच ना!

चंद्रावर अपोलोवाल्यांनी ठेवलेली भूकंपमापक यंत्रं 1977 पर्यंत चालू होती, पण तिथला वरचा थर इतका फुटलेला नि कोरडा की एक धक्का बसला की चंद्र बराच वेळ घंटेसारखा वाजत राहतो आणि त्यात एस कुठे सुरू झाली हे शोधणं म्हणजे डोकेदुखी. तिथल्या गाभ्याचं नीट चित्र यायला 2011 उजाडलं, तेही जुन्याच नोंदी नव्याने चाळून.

मंगळावर नासाचं इनसाइट यान 2018 ला उतरलं. एकच सिस्मोमीटर (भूकंपमापक), सगळा ग्रह त्याच्या भरवशावर. द्रव गाभ्यात शिरता येत नाही म्हणून एस तिथून टप्पा खाऊन परत येते, तो टप्पा पकडून 2021 मध्ये गाभ्याची त्रिज्या साधारण 1830 किमी काढली. पण गाभा इतका मोठा म्हणजे फारच हलका निघत होता, लोखंडाला न शोभणारा. मग सप्टेंबर 2021 मध्ये एक उल्का लांब कुठेतरी आदळली आणि तिची पी गाभ्याला घासून आली, तीही अपेक्षेपेक्षा उशिरा. 2023 ला उलगडा झाला, गाभ्यावर वितळलेल्या खडकाचा साधारण 150 किमीचा थर आहे. एसने टप्पा खाल्ला होता तो ह्या थरावर. तिच्या दृष्टीने द्रव म्हणजे द्रव, मग ते लोखंड असो की दगड! त्यामुळे गाभा आता 1650 ते 1675 किमीच्या आसपास धरतात.