सहलीची बस किती जणांत परवडते?

सोसायटीची किंवा मंडळाची एक दिवसाची सहल ठरली, की पहिला हिशेब बहुधा भागाकाराचा होतो: एकूण खर्च भागिले माणसं. हा आकडा तेवढीच माणसं आली तरच खरा. दोघं गळाली की आयोजकाची पदरमोड सुरू. अशा वेळी शाळेच्या गणितातली असमानता (≥ म्हणजे किमान तेवढं, ≤ म्हणजे जास्तीत जास्त तेवढं) फार कामाची, कारण ती किमान किती आणि कमाल किती हे सांगते.

धरा, ४५ आसनांच्या बसचं भाडं टोल-डिझेलसकट १८,००० रुपये, जेवण-चहा माणशी ३५० आणि वर्गणी ८००. जेवण वजा जाता प्रत्येकाचे ४५० रुपये भाड्यासाठी उरतात. माणसं ‘क्ष’ मानली, तर ४५०क्ष ≥ १८,०००, म्हणजे क्ष ≥ ४०. आसनं ४५, म्हणून क्ष ≤ ४५. चाळीस ते पंचेचाळीस, एवढ्यातच सहल परवडते.

सेहेचाळिसावं नाव आलं, तर? तशीच दुसरी बस घेतली की भाडं ३६,००० होतं आणि ते भरून निघायला किमान ८० माणसं लागतात. ४६ जणांत तब्बल १५,३०० रुपयांची तूट! ‘जितकी माणसं जास्त, तितकं स्वस्त’ हा समज इथेच फसतो. अशा वेळी जास्तीच्या मंडळींसाठी छोट्या गाडीचं भाडं विचारून तोच हिशेब पुन्हा मांडावा.

आता मुलांचं अर्धं तिकीट. मुलाची वर्गणी ४००, जेवण २००. भाड्याला उरतात २००, पण आसन मात्र पूर्ण एक. मोठी माणसं क्ष आणि मुलं य असतील तर दोन अटी होतात: ४५०क्ष + २००य ≥ १८,००० आणि क्ष + य ≤ ४५. आलेखावर या दोन रेषा ३६ मोठी आणि ९ मुलं या बिंदूवर छेदतात. मोठी माणसं ३६ पेक्षा कमी असली, तर बस मुलांनी गच्च भरली तरी भाडं निघत नाही. हे नुसत्या अंदाजानं कुणाच्या लक्षात येईल असं मला वाटत नाही. अटींच्या रेषा जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवरच सर्वांत चांगलं उत्तर शोधायचं, याच कल्पनेवर अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये ‘सिम्प्लेक्स’ पद्धत बेतली. त्यात अटी शेकड्यांनी असल्या तरी चालतात.

गळतीचा विचार वर्गणी ठरवतानाच करावा. सगळी मोठीच चाळीस नावं आली आहेत आणि पाच जण ऐन वेळी गळतील अशी धास्ती असेल, तर वर्गणी ‘व’ मानून ३५ × (व − ३५०) ≥ १८,००० असं मांडा. व किमान ८६४ रुपये २९ पैसे येते. इथे पूर्णांक करताना नेहमी वरच जायचं, म्हणून सोयीची वर्गणी ८७०. चाळीसही आले, तर २,८०० रुपये उरतील. ते परत करायचे की पुढच्या सहलीला ठेवायचे, हे वर्गणी घेतानाच सगळ्यांना सांगून टाकावं.