डिकॉय : लाकडी बदक

पाण्यावर बसलेल्या बदकासारखे दिसणारे आणि तसेच तरंगणारे लाकडी प्रतिरूप. वरून जाणाऱ्या थव्याला खाली आपलेच जातभाई निवांत बसले आहेत असे वाटावे आणि त्याने तिथे उतरावे, हा त्याचा मूळ उपयोग. मराठीत त्याला भुलवे बदक म्हणता येईल, पण कारागीर व संग्राहक यांच्यात ‘डिकॉय’ हाच शब्द रुळला आहे.

हा शब्द आधी वस्तूचा नव्हता, जागेचा होता. नेदरलँड्समध्ये बदके पकडण्याच्या तळ्याला एन्डेनकोय म्हणत. तळ्यातून वाकडे, निमुळते होत जाणारे चर काढलेले असत, त्यांवर कमानी उभारून जाळे ताणलेले असे. काठच्या आडोशांमागून एक कुत्रा मधूनच दिसे, मधूनच नाहीसा होई. बदके कुतूहलाने त्याच्यामागे चरात शिरत आणि टोकाला अडकत. सतराव्या शतकात ही रचना इंग्लंडमध्ये पोहोचली. लंडनच्या सेंट जेम्स पार्कमध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत असे तळे होते. डच ‘द कोय’ म्हणजे ‘तो पिंजरा’, त्यातले उपपद शब्दाला चिकटून ‘डिकॉय’ झाले, हे मत सर्वांत प्रचलित आहे. काहींच्या मते तो ‘एन्डेनकोय’चा उरलेला शेवट असावा. ‘कोय’ एकटाच इंग्रजीत आधीपासून वापरात होता आणि ‘डि’ नंतर जोडला गेला, असेही एक मत आहे. नुसता ‘कोय’ जुन्या लेखनात सापडतो, हे लक्षात घेता ते सहज बाजूला सारता येत नाही. ‘कोय’चे मूळ लॅटिन ‘काव्हेआ’ (पिंजरा, पोकळ जागा) हे असण्याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

वस्तू शब्दापेक्षा कितीतरी जुनी आहे. अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या लव्हलॉक गुहेत 1924 च्या उत्खननात लव्हाळ्याची 11 बदके मिळाली. ती सुमारे 2,000 वर्षांपूर्वीची मानतात. काहींवर खरी पिसे बांधलेली व रंग दिलेला आहे. प्राचीन ईजिप्तच्या थडग्यांतील चित्रांत शिकाऱ्याच्या हाती बगळे दिसतात, तेही भुलवण्यासाठी असावेत. भारतात पाण्यात गळ्यापर्यंत उतरून डोक्यावर मडके घालायचे आणि बदकांजवळ जायचे, अशी रीत होती. सोलापूर भागात पारधी समाज तितर धरण्यासाठी पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवत असे, म्हणजे इथे भुलवे जिवंत होते.

लाकडी बदकाची कारागिरी फुलली ती एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. बाजारासाठी होणारी घाऊक शिकार हे त्याचे कारण. 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने तो व्यापार थांबवला, 1935 मध्ये जिवंत भुलव्यांवरही बंदी आली आणि डिकॉय हळूहळू शोभेच्या कपाटात गेले. मॅसॅच्युसेट्सचे कारागीर एल्मर क्रोवेल यांचे दोन डिकॉय 2007 मध्ये प्रत्येकी 11 लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले.

लाकूड. अमेरिकेत पांढरा सीडर व पाइन वापरतात. सोलापुरात हाताशी असलेली बाभूळ आणि कडुलिंब या कामाला जड पडतात. सागही जड, शिवाय तेलकट असल्याने सांधा नीट धरत नाही. शिवणीच्या झाडाचे लाकूड सर्वांत बरे. पांगारा फार हलका आणि कोरायला लोण्यासारखा, पण त्याला कीड लवकर लागते. पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन चालते. खिळे आणि डिंकाळ गाठी तेवढ्या आधी काढाव्यात.

सोलापूरच्या हवेत बदक बिघडते ते बहुतेक वेळा वाळवण्यात. कोकणातून आलेला ठोकळा एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात झपाट्याने आकसतो. टोकांकडून ओल लवकर उडते, म्हणून चिरा तिथूनच सुरू होतात. दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावून ठोकळा सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवावा आणि दर आठवड्याला तोलावा. सलग तीन आठवडे वजन उतरले नाही की कोरायला घ्यावा. हे न करता भर उन्हाळ्यात मान चिकटवली, तर पावसाळ्यात अंग फुगते आणि सांध्याचा रंग केसासारख्या रेषेत फाटतो.

घडण. हिवाळ्यात उजनी व हिप्परगा जलाशयांवर दिसणारा थापट्या (रुंद, चपट्या चोचीचे बदक) नमुन्यासाठी घ्यावा. पक्ष्याची लांबी 44 ते 52 सेंमी असते. अंगाला 33 × 15 × 9 सेंमी ठोकळा पुरतो. बाजूचा व वरचा असे दोन आकार पुठ्ठ्यावर काढून करवतीने कापावेत, मग वाकस, पटाशी आणि कानस. डोके वेगळ्या तुकड्याचे करावे व त्याच्या लाकडाचे रेषे चोचीच्या दिशेने असावेत. रेषे आडवे गेले तर ती चमच्यासारखी रुंद चोच पहिल्याच धक्क्याला तुटते.

शिवणीचे भरीव अंग सव्वा किलोच्या आसपास भरते आणि पाण्यात निम्मे बुडते. म्हणून ठोकळा आडवा चिरून, साधारण 18 मिमी जाडीची भिंत राखून आतून पोखरतात व इपॉक्सीने जोडतात. वजन पाऊण किलोवर येते. पोकळ बदक फुटतही कमी, कारण लाकडाला आतबाहेर सारखे आकसता येते. तळाला पट्टी ठोकून तिच्यात 150 ते 200 ग्रॅम शिसे बसवावे. टबात उलटे सोडल्यावर ते स्वतःहून सुलटे झाले पाहिजे; नाही झाले, तर आणखी शिसे घालण्याआधी पाठ फार उंच राहिली आहे का ते पाहावे.

रंग. जवसाचे उकळलेले तेल पाजून पूर्ण वाळू द्यावे, मग अस्तर, मग टर्पेंटाइनने चमक मारलेले तैलरंग. चकाकी हा सर्वांत मोठा दोष: उन्हात वॉर्निश लखलखते, पीस तसे लखलखत नाही. तलवार बदकाच्या कुशीवरची बारीक नागमोडी नक्षी ओल्या रंगावरून धातूची फणी ओढून येते. रंग अर्धवट सुकला असेल तर फणी तो खरवडून काढते. थापट्याच्या नराचे डोके हिरवे, छाती पांढरी, कूस तांबूस-तपकिरी. मात्र ऑक्टोबरमध्ये आलेले नर मादीसारखे करडे-तपकिरी असतात, तेव्हा बदक कोणत्या महिन्याचे हे आधी ठरवावे. काचेचा डोळा सुमारे 9 मिमी, डोक्याच्या बाजूला व वरच्या अंगाला. तो माणसासारखा समोर बसवला की उत्तम कोरलेले बदकही खेळणे दिसते. एकूणच, पिसांच्या बारकाव्यापेक्षा बाह्यरेषा आणि पाण्यातली बैठक महत्त्वाची. जुन्या कारागिरांची साधी बदके आजही उजवी वाटतात ती यामुळेच.

आजचा उपयोग. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, विशेषतः 1991 च्या दुरुस्तीनंतर, शिकारीसाठी डिकॉयला जागा उरलेली नाही. पक्षी परत आणण्यासाठी मात्र तो वापरतात: अमेरिकेच्या मेन राज्यात ईस्टर्न एग रॉक बेटावर 1977 पासून लाकडी पफिन (एक समुद्रपक्षी) मांडले आणि 1981 मध्ये खरे पफिन तिथे पुन्हा वीण करू लागले. सोलापुरात ते शाळांतून पक्षी ओळखायला शिकवण्यासाठी व घरात ठेवण्यासाठी करण्याजोगे आहे. तरंगण्याची चाचणी टबातच घ्यावी. तलावात दोरी बांधून सोडलेले बदक मासेमारीच्या जाळ्यात गुंतते आणि तुटलेली दोरी खऱ्या पक्ष्याच्या पायात अडकते.