ग्रो बॅग धुण्याआधी तिच्याकडे नीट पाहा

होळीच्या सुमारास बेळगावच्या गच्च्यांवर धांदल असते. हिवाळ्यातला टोमॅटो वाळायला लागलेला असतो, मेथी-कोथिंबीर फुलावर आलेली असते आणि पाडव्यापर्यंत भेंडी, गवार, दोडक्याचं बी टाकायचं असतं. झाडं लावायच्या त्याच कापडी पिशव्या, म्हणजे ग्रो बॅगा, पुन्हा वापरायच्या तर धुवायला हव्यात, हे सगळ्यांना पटतं. कशा धुवायच्या, म्हणून विचारलं की एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर एकच सल्ला फिरतो, "व्हिनेगरात भिजवा की ओ काकू, सगळं जातंय." सगळं जात नाही. बॅगेवर क्षार असतात, रोगाचे जीव असतात आणि उन्हाने आलेलं म्हातारपण असतं. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, आणि दोन औषधं एकत्र केली तर धुणाऱ्याच्याच जिवावर बेततं.

कापडी बॅग बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते. तिच्यात ताणाबाणा नसतो, तंतू नुसते एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात. (हिरव्या, गुळगुळीत, विणलेल्या एचडीपीई प्लास्टिकच्या पिशव्याही बाजारात ग्रो बॅग म्हणूनच विकतात. त्यांच्या भिंतीतून हवा फारशी खेळत नाही, त्यांची गोष्ट वेगळी.) कापडी बॅगेत मूळ भिंतीपर्यंत आलं की त्याचं टोक हवा लागून सुकतं, वाढ तिथेच थांबते आणि मागच्या बाजूने नवी मुळं फुटतात. प्लास्टिकच्या कुंडीत तेच मूळ भिंतीला धरून गोल गोल फिरत बसतं. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते या फायद्यासाठी, आणि तो मिळतो छिद्रं उघडी असली तरच. त्यामुळे बॅग धुणं म्हणजे मुळात तिची छिद्रं मोकळी करणं. ती स्वच्छ दिसली की झालं, असं नाही.

छिद्रं सर्वांत जास्त बुजवतो तो पांढरा थर. माती ओली असते, कापड ते पाणी बाहेर ओढतं, बाहेरच्या अंगाला पाण्याची वाफ होते आणि पाण्यातले क्षार कापडावरच राहतात. एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम कठीणपणा (म्हणजे विरघळलेला चुना) असलेलं पाणी रोज दोन लिटर घातलं, तर शंभर दिवसांत त्या बॅगेत ६० ग्रॅम चुना येतो. सगळाच कापडावर बसत नाही, थोडा मातीत राहतो, थोडा खालून वाहून जातो. पण मूठभर चुना एका बॅगेत, हे काही थोडं नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा चांगला धरतात आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे ३०० चं पाणी आपण बिनदिक्कत पितोही.

हा थर कुठे किती बसेल, ते आपल्या बेळगाव जिल्ह्यात तालुका बदलला की बदलतं. खानापूर, जांबोटीकडे जांभा. तिथे पाऊस इतका की जमिनीतला चुना कधीच वाहून गेलाय, विहिरीचं पाणी मऊ. तिकडच्या बॅगा तांबड्या होतात, पांढऱ्या क्वचितच. चिकोडी, रायबाग, अथणीकडे काळी जमीन, तिच्यात चुनखडीचे खडे, पाऊस कमी आणि बागेला पाणी बोअरचं. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यावरची बॅग एका हंगामात कडक होते. बेळगाव शहरात राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी घालणाऱ्याची आणि त्याच गल्लीत बोअरचं पाणी घालणाऱ्याची बॅग शेजारी शेजारी ठेवून पाहा, फरक न सांगता कळतो.

थर कसला आहे ते ओळखायला एक थेंब पुरतो. बॅग कोरडी करून थरावर व्हिनेगरचा थेंब टाका आणि डोळे जवळ न्या. बारीक बुडबुडे सळसळत वर आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याचा थर. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाने तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. थेंब नुसताच जिरला तर बहुधा खतांचे क्षार आहेत. त्यांना व्हिनेगरची गरज नसते. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून, सकाळी पाणी बदलून पुन्हा बुडवलं की ते निघतात. बुडबुडे आले तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी करून तासभर ठेवायचं. वाण्याकडचं लिंबूफूलही (सायट्रिक आम्ल) चालतं आणि स्वस्त पडतं. पितळेची भांडी चिंचेने घासतात म्हणून बॅगेला चिंचेचा कोळ लावू नये. आम्ल त्यात आहेच, पण साखरही आहे, आणि ती कापडात राहिली की बुरशीची चंगळ.

जांभ्याचा तांबडा डाग लोहाच्या ऑक्साइडचा. तो निघत नाही आणि निघायची गरजही नाही. हिरवं शेवाळ निरुपद्रवी, पण छिद्रं बुजवतं. बॅग कडक उन्हात वाळवून ब्रशने घासली की शेवाळाच्या पापड्या पडतात. कापडात घुसलेल्या बारीक मुळांचंही तसंच. ओली असताना ओढलं तर तंतू सुटतात, वाळल्यावर मुळं कुडकुडीत होऊन झडतात. म्हणून पाणी लावायच्या आधी दोन दिवस ऊन आणि मग कोरडा ब्रश. वॉशिंग मशीनच्या वाटेला जाऊ नये, मातीने तिची नळी तुंबते.

आता रोगाचं. इथे व्हिनेगर जवळजवळ कुचकामी. आधी गेल्या हंगामातलं झाड कशाने मेलं ते कळायला हवं. टोमॅटो पानं हिरवी असतानाच दोन-तीन दिवसांत मान टाकून बसला असेल, तर उपटण्याआधी एक करून पाहा. बुडाजवळची बोटभर खोडाची कांडी धारदार सुरीने कापा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन तिचं कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल अशी लटकवा आणि पेला उजेडासमोर धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी तार खाली सुटायला लागली, तर तो जिवाणूजन्य मर. ती तार म्हणजे राल्स्टोनिया जिवाणूंचा लोंढा, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या त्यानेच चोंदवलेल्या असतात. तार नाही, पण खोडाच्या आत तपकिरी रेघ आहे आणि पानं खालून वर पिवळी होत गेली आहेत, तर फ्युजेरियम बुरशीचा संशय घ्यायचा.

हा भेद महत्त्वाचा. राल्स्टोनिया बीजाणू करत नाही, त्यामुळे कोरडेपणा, उष्णता, क्लोरीन यांपुढे टिकत नाही. फ्युजेरियम जाड कवचाचे बीजाणू करून मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. दोन्हींसाठी ब्लीच वापरतात, पण फ्युजेरियमच्या बाबतीत बॅग धुऊन तीच माती परत भरली तर काहीच साधत नाही.

चार-पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, आणि बॅग त्यात दहा मिनिटं तरी पूर्ण बुडालेली. माती आधी धुऊन काढायलाच हवी, कारण क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय कणावर खर्च होतो आणि चिखलात जंतूपर्यंत पोहोचतच नाही. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर यासाठी नको. ती चुन्यापासूनच बनलेली, आताच काढलेला पांढरा थर ती परत आणून बसवेल. आणि ब्लीच व व्हिनेगर एका बादलीत कधीही नाही. आम्ल लागलं की हायपोक्लोराइटमधून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो फुप्फुसं जाळतो. संडास धुण्याच्या आम्लाचंही तेच. एक काम आटपा, बॅग खळखळून धुवा, वाळवा आणि दुसरं दुसऱ्या दिवशी करा. ज्यूटच्या पिशवीला ब्लीच लावू नये, धागाच कुजतो.

मातीसाठी ऊन आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळतात, तंबाखूच्या तरव्याचे वाफेही भाजायची रीत आहे. वरच्या मातीतले जीव आणि तणाचं बी उष्णतेने मारायचं, हेच त्यामागचं विज्ञान. जाळ न करता तेच काम करायची पद्धत इस्राएलमध्ये याकोव कातान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली. माती ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरायचं आणि चार ते सहा आठवडे उन्हात ठेवायचं. काळं प्लास्टिक नको, ते स्वतः तापतं आणि मातीला ऊन पोचू देत नाही. माती ओलीच हवी, कारण कोरड्या मातीत जीव निपचित पडून उष्णता सोसतात आणि पाणी उष्णता आतपर्यंत नेतं. जुनी माती स्लॅबवर वीतभर जाडीने पसरली तर उत्तम. बेळगाव उंचावर असल्याने एप्रिलमध्येही पारा ३५-३६ च्या आसपास असतो, पण प्लास्टिकखाली त्याहून बराच वर जातो. वळीव कोसळायला लागला की ढगांनी हा सगळा खेळ बिघडतो, म्हणून पाडव्याआधीच सुरुवात करावी. मुळांवर गाठी दिसल्या असतील, म्हणजे सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) असतील, तर त्या मातीत भेंडी-टोमॅटो न लावता एक हंगाम झेंडू लावावा.

तंबाखूच्या निपाणीकडच्यांसाठी एक गोष्ट वेगळी. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोलाही लागतो. विषाणू ही कल्पनाच या रोगावरून आली, १८९२ मध्ये इवानोव्स्की आणि १८९८ मध्ये बायेरिंक या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून. तो वाळलेल्या पानात वर्षानुवर्षं जिवंत राहतो आणि नव्वद अंशांच्या वर तापल्याशिवाय मरत नाही, त्यामुळे उन्हाला दाद देत नाही. बिड्या वळून उठलेल्या हातांनी बॅग भरली किंवा मिरचीचं रोप लावलं, तर धुण्याचे सगळे कष्ट वाया. साबणाने हात घासून धुवायचे, आणि तंबाखूची चुरी झाडलेल्या कट्ट्यावर बॅगा वाळत घालायच्या नाहीत.

उरलं म्हातारपण, त्यावर औषध नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तुटत जातात. काळ्या बॅगेतला कार्बन काही काळ ते किरण झेलतो, म्हणून काळी बॅग फिक्या रंगाच्या बॅगेपेक्षा जास्त टिकते. धुतल्यावर बॅगेची कड चिमटीत धरून चुरगाळा. बोटांना भुसा लागला तर कापड संपलंय. आता ते मातीत प्लास्टिकचे कण सोडत राहणार, पुन्हा भरू नका. अशा बॅगा पाणी तापवायच्या बंबात घालायची सवय बऱ्याच घरांत आहे. ती मोडावी, कारण धूर घरात येतो आणि अर्धवट जळालेलं प्लास्टिक राखेतून परत झाडांनाच घातलं जातं. तिची जागा सुक्या कचऱ्यात.