जुने सॉफ्टवेअर नव्या संगणकावर नेताना: परवाना नेमका असतो कुठे?

सावंतवाडी, कणकवली किंवा चिपळूण यांसारख्या ठिकाणच्या जुन्या छापखान्यात गेले, की नव्या संगणकांच्या शेजारी पिवळट पडलेला एक जुना संगणक अजून कामावर असलेला पुष्कळदा दिसतो. त्यावर विंडोज एक्सपी असते, इंटरनेटची जोडणी मुद्दाम काढून टाकलेली असते आणि लग्नपत्रिका, दशावताराच्या नाटकांची पत्रके, जत्रेची पावतीपुस्तके यांची मांडणी ज्या मराठी सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे झाली, ते सॉफ्टवेअर केवळ त्याच यंत्रावर चालते. ते रीतसर विकत घेतलेले असते, पावतीही कपाटात जपलेली असते. लॉक तोडलेली चोरटी प्रत कोणत्याही संगणकावर निमूटपणे चालते आणि पैसे मोजलेली प्रत मात्र जागची हलत नाही, हा या व्यवसायातला जुना विनोद आहे आणि तो खोटा नाही.

सॉफ्टवेअरचे फोल्डर उचलून नव्या संगणकावर ठेवले तर ते सहसा चालत नाही, याचे पहिले कारण परवान्याशी संबंधित नाही. विंडोजवर एखादे सॉफ्टवेअर बसवले जाते, तेव्हा त्याच्या काही फायली विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जातात आणि अनेक नोंदी ‘रजिस्ट्री’ नावाच्या नोंदवहीत होतात. नुसते फोल्डर हलवले की या नोंदी मागेच राहतात. म्हणून मूळ सीडीवरून सॉफ्टवेअर नव्याने बसवावे लागते आणि परवान्याचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. जमिनीचा ताबा घेतला तरी सातबाऱ्यावर फेरफार झाल्याशिवाय नाव लागत नाही. परवान्याचेही तसेच आहे, आणि हा फेरफार करणारा तलाठी सॉफ्टवेअरच्या आत बसलेला असतो.

हा तलाठी संगणक ओळखतो कसा? त्यासाठी तो यंत्राचे काही क्रमांक वाचतो. नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक पत्ता दिलेला असतो. त्यातील पहिले २४ बिट सर्वसाधारणपणे उत्पादकाचे आणि उरलेले त्या कार्डाचे असतात. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क यांनाही स्वतःचे अनुक्रमांक असतात. याखेरीज बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरांत आणखी एक क्रमांक वापरला जातो आणि तोच सर्वांत जास्त घोळ घालतो. ड्राइव्ह फॉरमॅट करताना विंडोज त्याला त्या क्षणाच्या तारीख-वेळेवरून ३२ बिटांचा क्रमांक देते. हा क्रमांक डिस्कवर लिहिलेला असतो, डिस्कच्या घडणीत नसतो. त्यामुळे तीच डिस्क, तोच संगणक, पण व्हायरस आला म्हणून कोणी सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने घरात परका माणूस आला. उलट, क्लोनझिलासारख्या साधनाने डिस्कची हुबेहूब नक्कल करून ती त्याच संगणकात बसवली, तर हा क्रमांक नकलेसोबत जातो. कुरकुरणारी डिस्क बंद पडण्यापूर्वी बदलायची असेल, तर ती फॉरमॅट करून सगळे नव्याने बसवण्यापेक्षा तिची नक्कल करणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

हे क्रमांक एकत्र करून एक सांकेतिक ओळ तयार होते, ती निर्मात्याकडे जाते आणि तिला जुळणारी परवाना-फाईल परत येते. नीट रचलेल्या व्यवस्थेत या फाईलवर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी असते. स्वाक्षरी करण्याची गुप्त किल्ली निर्मात्याकडेच राहते आणि सॉफ्टवेअरमध्ये फक्त ती तपासण्याची उघड किल्ली असते. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही, आणि स्वाक्षरी नव्याने करता येईल अशी किल्ली ग्राहकाच्या संगणकात कोठेही नसते.

मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये एक्सपीसोबत ‘ॲक्टिव्हेशन’ घरोघरी पोहोचवले आणि पुढे अनेकांनी तोच मार्ग धरला. यात निर्मात्याचा सर्व्हर एका परवान्यावर किती संगणक चालू आहेत याचा हिशेब ठेवतो. नव्या संगणकाची नोंद करण्यापूर्वी जुन्याची नोंद सोडावी लागते, आणि ज्या सॉफ्टवेअरांत ती सोय आहे, त्यांत बहुधा ती जुन्या, चालू स्थितीतल्या संगणकावरूनच वापरता येते. यंत्र मेले की हे दार बंद होते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा पाण्यात बुडालेल्या संगणकातली माहिती एखादे वेळी डिस्कवरून परत मिळवता येते, पण त्या संगणकाला ‘परवाना सोड’ असे सांगता येत नाही. कोकणात आगोटीची कामे मिरगाच्या आधी उरकतात, त्या यादीत हेही काम घालायला हरकत नाही.

सर्व्हरही अमर नसतात. अडोबीने क्रिएटिव्ह सूट २ या संचाचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला, तेव्हा २०१३ च्या सुरुवातीला ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत उपलब्ध केली. प्रत्येक निर्माता इतका विचार करीलच असे नाही.

छापखान्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार मात्र वेगळा आहे, तो म्हणजे हार्डवेअर लॉक किंवा डोंगल. जुने डोंगल काडेपेटीएवढे असून प्रिंटरच्या २५ पिनांच्या (पॅरलल) पोर्टात बसते आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीला जोडता येते. सॉफ्टवेअर चालू असताना अधूनमधून डोंगलला एक आकडा पाठवते. आतील चिप ठरलेल्या पद्धतीने उत्तर देते. उत्तर आले नाही की सॉफ्टवेअर थांबते. परवाना या चिपमध्ये असल्यामुळे डोंगल हलवले की परवानाही हलायला हवा, आणि तत्त्वतः तो हलतोही. अडचण पोर्टाची असते. नव्या संगणकाला असे पोर्ट नसते, म्हणून बाजारातून यूएसबीला जोडायची प्रिंटर केबल आणली जाते आणि ती बहुधा वाया जाते. ती केबल फक्त प्रिंटरची भाषा जाणते. जुने सॉफ्टवेअर मात्र पोर्टाच्या ३७८ या सोळा-आधारी पत्त्यावर थेट संकेत पाठवते, आणि तसा पत्ता केबलमागे नसतो. संगणकाच्या आत बसणारे पॅरलल पोर्टाचे कार्ड काही वेळा उपयोगी पडते.

यूएसबी डोंगल असेल तर पोर्टाचा प्रश्न मिटतो, पण ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला त्या यंत्राशी बोलता यावे म्हणून लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा, उभा राहतो. ६४ बिटांचे विंडोज ३२ बिटांचा ड्रायव्हर स्वीकारत नाही, १६ बिटांचे सॉफ्टवेअर तर अजिबात चालवत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येते. काही वेळा सॉफ्टवेअर ३२ बिटांचे असते, पण ते बसवणारा सेटअप १६ बिटांचा निघतो आणि गाडी पहिल्याच स्थानकावर अडते.

यावरचा मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे आभासी संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने नव्या संगणकाच्या आत ३२ बिटांच्या एक्सपीचा एक पूर्ण संगणक उभा करता येतो. यूएसबी डोंगल त्याच्या हवाली केले की बाहेरचे विंडोज केवळ निरोप्याचे काम करते, जुना ड्रायव्हर आत चालतो आणि सॉफ्टवेअरला उत्तर मिळते. डोंगलऐवजी संगणकाच्या क्रमांकांवर बांधलेला परवाना असेल, तर हा आभासी संगणक त्याला नवाच वाटतो. तेव्हा जुन्यावरची नोंद आधी सोडवून घ्यावी. शिवाय संगणकासोबत आलेला एक्सपीचा परवाना त्या मूळ यंत्रापुरताच असतो, याचा अनेकांना विसर पडतो.

डोंगलच्या जपणुकीकडे किनारपट्टीवर विशेष लक्ष द्यावे लागते. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतली ओल ओढून स्वतःच विरघळते. समुद्री मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर साधारण ३३ टक्क्यांनाच. पावसाळ्यात पिनांवर असा खारट थर सतत ओला राहतो. पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हे पाणी आतल्या तांब्यापर्यंत पोहोचते. दोन धातू आणि मधे खारे पाणी म्हणजे लहानसा विद्युतघटच. त्यात तांबे झिजते आणि पिनेच्या मुळाशी हिरवट पूड दिसू लागते. तेव्हा ‘लॉक सापडत नाही’ असा संदेश आला, तर सॉफ्टवेअरला दोष देण्यापूर्वी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहाव्यात.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करण्याची मुभा देते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक लॉक तोडणे हा गुन्हा ठरवते. बाजारात मिळणारे ‘क्रॅक’ बहुधा व्हायरस सोबत घेऊन येतात, हे वेगळेच.

निर्माता अजून व्यवसायात असेल, तर पावती, सॉफ्टवेअरचा अनुक्रमांक आणि डोंगलवर छापलेला क्रमांक देऊन जुन्या डोंगलच्या बदल्यात यूएसबी डोंगल मिळते का, हे लेखी विचारावे. निर्माताच उरला नसेल, तर मात्र सॉफ्टवेअर किती काळ पाळायचे याचा हिशेब करावा लागतो. युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या मराठी फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. त्यामुळे जुना मजकूर दुसरीकडे उघडला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. हा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागतात, आणि मूळ पान कसे दिसत होते हे ताडून पाहायला जुना संगणक तोवर चालू लागतो. त्याच्या डिस्कची एक नक्कल कोरड्या जागी ठेवावी आणि मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी बदलावी. ती संपली की संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि मुदतीचा परवाना त्या तारखेला बिथरून सॉफ्टवेअर उघडायलाच नकार देऊ शकतो.