घड्याळात ‘कॉलिंग’ लिहिलंय म्हणजे फोन घरी ठेवला तरी चालतो?

ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा समज: ‘कॉलिंग’वालं स्मार्टवॉच घेतलं की फोन सोबत न्यायची गरज नाही.

असं वाटणं साहजिक आहे. मनगटावर बोट फिरवलं की कॉल लागतो, पलीकडचा आवाजही घड्याळातूनच येतो. पण दोन-तीन हजारांच्या घड्याळांत बहुतेक वेळा ब्लूटूथ कॉलिंग असतं. कॉल लावतो तो खिशातला फोनच. घड्याळ म्हणजे त्याचा लांबवलेला माइक आणि स्पीकर. ही साखळी साधारण १० मीटरपर्यंत टिकते. फोन स्कूटरच्या डिकीत ठेवून पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला लागलात, की थोड्याच वेळात घड्याळ फक्त वेळ आणि पावलं दाखवतं.

सेल्युलर घड्याळाचं तसं नाही. त्यात स्वतःचं ई-सिम, म्हणजे आतच बसवलेलं सिम, असतं आणि ते थेट टॉवरशी बोलतं. मात्र नुसतं विकत घेऊन भागत नाही, मोबाइल कंपनीकडून ते चालू करून घ्यावं लागतं. आणि बॅटरी? फोनशिवाय लांबलचक गप्पा मारल्यात तर ती भराभर उतरते.

तुमचं कोणतं, हे पाहायला दुकानदाराला विचारायलाच हवं असं नाही. खोक्यावर ‘एलटीई’ किंवा ‘ई-सिम’ छापलंय का बघा. नाहीतर फोन पूर्ण बंद करा, घरच्या वायफायपासून लांब, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यपर्यंत जा आणि तिथून घरी कॉल लावून बघा.