सहकारी अध्ययन

चार-पाच विद्यार्थ्यांच्या मिश्र गटात एकमेकांना शिकवत शिकण्याच्या पद्धतींना सहकारी अध्ययन म्हणतात. नेहमीचे गटकार्य म्हणजे हे नव्हे. तक्ता करायला दिला की एक हुशार मुलगी लिहिते, दुसरा रंग भरतो, बाकीचे बघत बसतात आणि गुण सगळ्यांना सारखेच पडतात. सहकारी अध्ययनात गटाचे काम प्रत्येकावाचून अडते आणि शेवटी ज्याचा-त्याचा पेपर वेगळा तपासला जातो. या दोन अटी सुटल्या की उरतो तो नुसता गोंगाट.

यातली 'जिगसॉ' पद्धत, म्हणजे पाठाचे तुकडे गटात वाटून पुन्हा जोडण्याची रीत, मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनमध्ये आखली. गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एका वर्गात बसवले होते आणि त्यांच्यात तेढ होती. ती पद्धत सोलापूरला का जवळची वाटावी, हे इथला वर्ग पाहिला की कळते. शाळा मराठी माध्यमाची असली, तरी एकाच बाकावर घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुले बसतात.

सोलापूरच्या 1930 च्या सत्याग्रहाचा पाठ घ्या. चार जणांच्या गटात एकाकडे गिरणी कामगारांचा मोर्चा, दुसऱ्याकडे गोळीबार, तिसऱ्याकडे मार्शल लॉ (लष्करी कायदा) आणि चौथ्याकडे खटला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली, तिथवरचा. सगळ्या गटांतले 'मार्शल लॉ'वाले आधी एकत्र बसून आपला भाग पक्का करतात. तेलुगू बोलणारा मुलगा इथे अडलेला शब्द शेजारच्याला आपल्या भाषेत विचारून घेतो. मग आपल्या गटात परतून तो मराठीत सांगतो आणि त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय इतर तिघांना तो भाग कळणार नसतो. एरवी मागे बसणाऱ्या मुलाचे ऐकायला तिघे पुढे सरकतात, ते याचमुळे.

शिक्षण-संशोधक रॉबर्ट स्लेव्हिन यांच्या पद्धतीत पाठानंतर प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी होते. आपल्याच आधीच्या सरासरीपेक्षा जितकी सुधारणा, तितके गुण गटाला मिळतात. त्यामुळे 35 वरून 50 वर आलेली मुलगी गटाला नव्वदवाल्याइतकीच हवीशी होते. गटाचे बक्षीस आणि वैयक्तिक जबाबदारी दोन्ही असतील तेव्हाच गुणांत खात्रीने वाढ दिसते, असे त्यांच्या अभ्यासांतून पुढे आले. वेगळ्या समाजांतील मुलांची मैत्री वाढल्याचेही आढळले आहे.

साठ-पासष्ट पटाच्या वर्गात बाक हलवण्यातच तासिका जाते, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. फ्रँक लायमन यांची 'विचार करा, जोडीत बोला, वर्गाला सांगा' ही 1981 मधील रीत तिथे सोपी पडते. तिला बाकावरचा शेजारी पुरतो.